झोप येत नाही? मग उशिरा झोपा

समजा, अकरावीतला एक मुलगा आहे. रात्री साडेदहाला तो अंथरुणात शिरतो, सकाळी सहाला उठतो. गादीवर साडेसात तास, पण झोप जेमतेम साडेपाच. उरलेले दोन तास कूस बदलण्यात आणि ‘आता लागली तर पाच तास तरी मिळतील’ या हिशेबात जातात. नीट-जेईईचा अभ्यास चालू असलेल्या नागपूरच्या घरांत, मग मानेवाडा असो की धरमपेठ, हे काही नवं नाही. घरचे म्हणतात, लवकर झोपत जा. निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी ही विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती, बरोबर उलटं सांगते.

साडेसातपैकी साडेपाच म्हणजे ७३ टक्के. हा आकडा साधारण ८५च्या वर असावा लागतो. म्हणून अंथरुणातला वेळच कापायचा: बारा ते सहा. ‘आधीच झोप नाही पोराले, अन् वरून बाराला झोप म्हणता?’ असं कोणतीही आई म्हणेल. पण जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्यानेच झोपेचा दाब वाढतो. बारापर्यंत हा दाब इतका चढतो की पडल्या पडल्या डोळा लागण्याची शक्यता वाढते. झोप सलग येऊ लागली की दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं परत द्यायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी ही पद्धत १९८०च्या दशकात मांडली. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते; त्या दिवसांत गाडी चालवू नये. फिट येणाऱ्या किंवा बायपोलर आजार असलेल्या मुलांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दुसरा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२चा: पलंग फक्त झोपेसाठी. झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. वाचायला सोपं आहे, पण मे महिन्यात घरातला एकच कूलर हॉलमध्ये आणि सगळं घर त्याच्यासमोर ओळीने झोपलेलं असेल, तर उठून जायचं कुठे? ही पद्धत स्वतंत्र खोली गृहीत धरते, हे मला खटकतं. दाराजवळ एखादी खुर्ची ठेवली तरी भागतं. मात्र दिवसा त्याच गादीवर लोळून फिजिक्सची गणितं सोडवणं बंद करावं लागतं.

हे सगळं ऑनलाइन जमतं का? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ११६ किशोरवयीनांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना इंटरनेटवरून सहा साप्ताहिक धडे दिले, काहींना तेच समोरासमोर गटात शिकवलं आणि काहींना प्रतीक्षायादीत ठेवलं. पहिल्या दोन्ही गटांची झोप प्रतीक्षायादीतल्या मुलांपेक्षा स्पष्ट सुधारली आणि दोन महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. मला यात आश्चर्य वाटत नाही. उपचाराचा गाभा आहे झोपेची डायरी, म्हणजे कधी झोपलो, कधी उठलो याची नोंद, आणि ती रोज सकाळी भरायला दवाखान्यात जावं लागत नाही. क्लासच्या वेळा सांभाळून समुपदेशकाकडे जाणंही इथे किती मुलांना जमतं? ज्या मोबाइलला घरचे शिव्या घालतात, त्यावरच हे होतं. फक्त तो डायरीसाठी सकाळी उघडायचा, रात्री अंथरुणात नव्हे.

एक गफलत मात्र टाळावी. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे झोपेची वेळच पुढे सरकते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा रात्री दोन ते सकाळी दहा गाढ झोपत असेल, तर अडचण झोपेची नसून शरीरातल्या घड्याळाची आहे. तिथे सकाळचं ऊन आणि रोज ठरलेली उठायची वेळ जास्त कामाची. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये शाळा नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी; ज्यांचं घड्याळ खरंच पुढे सरकतं ती मोठी मुलं त्यातून राहून गेली.

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने असंच चालू असेल तर निद्रानाश समजून तज्ज्ञांना दाखवावं. झोपेसोबत उदासी किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर तेवढं थांबूही नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर रात्रीही मराठीतून बोलता येतं.