मिटल्या डोळ्यांतला काजवा

मार्चमध्ये काजवे नसतात. आमच्या गोव्यातल्या सावईवेरेच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, ते दिसू लागतात मे संपता संपता, पावसाचे पहिले चार शिंतोडे पडले की. म्हणून त्या रात्री वीज गेलेली असताना सोप्यावर बसलेले काका "काजुलो पळय" (काजवा बघ) म्हणाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. (घरात बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत, ही आमच्याकडची जुनी वाटणी.) पोफळींच्या रांगेत मिट्ट काळोख. थोड्या वेळानं काका पुन्हा म्हणाले, "तो बघ." उजवीकडे अगदी कडेला एक पांढरी कमान लखकन चमकून जात होती. त्यांनी मान फिरवली की तीही फिरायची. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. काजवा तिथंच होता.

डोक्यावर फटका बसला की 'डोळ्यांपुढे काजवे चमकले' असं आपण म्हणतो. ही नुसती अतिशयोक्ती नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, वेदना कळत नाही. त्याला ताण द्या, दाब द्या, धक्का द्या, तो मेंदूला एकच निरोप धाडतो : उजेड. न्यूटननं 1660च्या दशकात एक बोथट दाभण डोळा आणि हाडाच्या खोबणीमध्ये घालून डोळ्याचा गोळा मागून दाबला आणि दिसलेली रंगीत वर्तुळं वहीत काढून ठेवली. (हा प्रयोग कुणी करू नये. न्यूटन वाचला, त्यात नशिबाचा वाटा मोठा.) पडदा ओढला जातो तेव्हा दुखत नाही, चमकतं. आणि 'दुखत तर नाही ना, मग बघू पुढच्या आठवड्यात' हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका निकष नेमका इथं कुचकामी ठरतो.

ओढतं कोण? डोळ्याच्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेली भरलेली असते. जवळजवळ सगळं पाणीच, पण कोलॅजनच्या अतिसूक्ष्म तंतूंनी धरून ठेवलेलं. शहाळ्यातली कोवळी मलई जितकी थलथलीत, त्याहून थोडी पातळ. पन्नाशी-साठीत ही जेली जागोजागी विरघळते, आकसते आणि एके दिवशी पडद्यापासून सुटून पुढे येते. ज्यांना मोठा मायनस नंबर आहे किंवा ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्यात हे लवकर घडतं. सुटताना ती पडद्याला ओढते, तो काजवा. सुटल्यावर तिच्यातल्या तंतूंच्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते, त्या डोळ्यांपुढे तरंगणाऱ्या माश्या, डास, कोळ्याचं जाळं. हे बहुतेकांच्या बाबतीत कधी ना कधी होतं आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतं.

'बहुतेक वेळा' या दोन शब्दांवर मात्र सगळं अडतं. अशी लक्षणं अचानक सुरू होऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या दर शंभर जणांत साधारण दहा ते पंधरा जणांच्या पडद्याला जेली सुटताना चीर गेलेली असते. चिरेतून पाणी पडद्यामागे शिरलं की पडदा भिंतीवरच्या ओल्या कागदासारखा सुटत जातो. तेव्हा कडेकडून काळी सावली आत सरकताना दिसते. ती मधल्या बिंदूपर्यंत पोचायच्या आत उपचार झाले तर नजर बऱ्यापैकी वाचते, पोचल्यानंतर झाले तर पडदा जागेवर बसतो पण वाचण्याची नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला पडदा म्हणजे जवळजवळ नक्की अंधत्व होतं. 1920च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं, की मूळ आजार त्या चिरेतच आहे आणि ती चीर डाग देऊन बंद केली की पडदा वाचतो. आज तेच काम लेझरनं होतं, चीर वेळेवर सापडली तर काही मिनिटांत, आणि रुग्ण चालत घरी जातो.

काका दुसऱ्या दिवशी डोळे दाखवून आले आणि खुशीत होते. भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, डोळ्याचा दाब ठीक निघाला, 'वयाप्रमाणे आहे' असं सांगून कसलेसे थेंब दिले होते. आता कुठली काळजी? मी विचारलं, "बाहुली मोठी करायचे थेंब घातले का? घरी येताना डोळे दिपत होते?" नाही. अक्षरं वाचली आणि स्कूटर चालवत घरी आले.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगायलाच हवं. हात लांब करून अंगठा धरा. अंगठ्याच्या नखाएवढ्या भागातच आपली अक्षरं वाचण्याची तीक्ष्ण नजर असते. भिंतीवरचा तक्ता फक्त तेवढ्या तुकड्याची परीक्षा घेतो. चिरा जातात पडद्याच्या कडांना, आणि त्या कडा बारक्या बाहुलीतून दिसतच नाहीत. खोलीत काय आहे ते किल्लीच्या भोकातून सांगण्यासारखं ते आहे. म्हणजे तपासणीत चूक नव्हती, ती वेगळ्याच प्रश्नाची होती. 'नॉर्मल' हे उत्तर ऐकलं की पुढचं विचारावं, काय नॉर्मल? चष्म्याचा नंबर? दाब? बाहुली मोठी करून पाहिलेल्या पडद्याच्या कडा? ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा प्रकाशानं काढलेला छेद? की नजरेचा परीघ मोजणारी फील्ड टेस्ट? काचबिंदूत परीघ हळूहळू कुरतडला जातो आणि माणूस शेवटची ओळ झोकात वाचत राहतो.

आमच्याकडे दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पहिल्याचा अपमान, नाहीतर पैसे जास्त झाल्याचं लक्षण. मला यातलं काहीच पटत नाही. ज्या तपासणीनं प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं ती झालेलीच नसेल, तर पुन्हा जाणं हा अविश्वास नव्हे. ती झाली असेल, लक्षण जसंच्या तसं असेल आणि तरी तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दाराशी फिरणं चालू असेल, तर तिथं मात्र थांबून विचार करावा. लक्षण बदललं की हिशेब नव्यानं मांडायचा. जेली सुटल्यावर पहिल्या तपासणीत चीर नसली तरी पुढच्या काही आठवड्यांत ती पडू शकते, म्हणून डॉक्टर पुन्हा बोलावतात. त्या बोलावण्याला लोक सर्रास दांडी मारतात.

डोळ्यांच्या कुठल्याही गूढ तक्रारीत घरच्या घरी करता येणारी सगळ्यात मोलाची तपासणी फुकट आहे. एक डोळा तळहातानं झाकून बघायचं, मग दुसरा. गंमत अशी की नव्वद सेकंदांचा त्रास होऊन गेलेला माणूस घाबरून सगळं काही करतो, एवढं सोडून. आणि मग "डाव्या डोळ्यानं दिसेना" असं सांगतो. ते खरं असेलच असं नाही. दोन्ही डोळ्यांत दिसणाऱ्या दृश्याची डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जाते. तिथं काही बिघडलं तर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू जाते आणि माणसाला वाटतं डावा डोळा गेला. एक डोळा झाकल्यावर त्रास गायब झाला तर बिघाड बहुधा त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत आहे, कोणताही झाकला तरी राहिला तर मागे, मेंदूच्या दिशेनं. डॉक्टर निम्मं निदान या एका उत्तरावर करतात. दोन-दोन दिसत असेल तेव्हा मात्र वाचन थोडं उलटं : कोणताही एक डोळा झाकल्यावर एकच दिसू लागलं तर डोळे एकमेकांच्या रेषेत नाहीत, आणि हे अचानक झालं असेल, त्यात पापणी पडली असेल, तर ते त्याच दिवशी दाखवायचं.

दोन्ही डोळ्यांत दिसणाऱ्या त्रासांपैकी सगळ्यात देखणा म्हणजे अर्धशिशीची पूर्वसूचना. वाचताना मध्येच एक अक्षर नाहीसं होतं, मग तिथून किल्ल्याच्या तटासारखी नागमोडी, लुकलुकती रेघ फुटते आणि रुंदावत रुंदावत वीस-तीस मिनिटांत कडेला जाऊन विरते. पुढे डोकं दुखतं, किंवा अजिबात दुखत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना स्वतःला हा त्रास होता. त्यांनी त्या रेघेचा प्रवास कागदावर वेळ लावून टिपला आणि 1941 साली हिशेब मांडला, की मेंदूच्या मागच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगानं सरकत असलं पाहिजे. तीनच वर्षांनी आरिस्तीदिस लियाँव या ब्राझिलियन संशोधकाला सशाच्या मेंदूवर नेमक्या अशाच संथ गतीनं पसरणारी, मागे तात्पुरती सुस्ती ठेवून जाणारी लाट सापडली. रुग्णानं नीट काढलेल्या चित्रातून शरीरक्रिया उलगडल्याची इतकी सुंदर उदाहरणं फार नाहीत. आपल्या बाजूनं लक्षात ठेवायचं ते हे : अर्धशिशीची रेघ हळूहळू वाढते आणि बहुधा चकाकते. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, तर ती अर्धशिशीच असं घरी बसून ठरवू नये.

आणि एका डोळ्यापुढे क्षणात पडदा पडला, काही मिनिटं काळोख झाला आणि सगळं पुन्हा लख्ख दिसू लागलं, तर? इथं आपली समजूत बरोबर उलटी असते. 'गेलं ना आपोआप' म्हणून माणूस कामाला लागतो. बऱ्याचदा मानेच्या रक्तवाहिनीतून सुटलेली बारीकशी गुठळी डोळ्याच्या धमनीत अडकून पुढे सरकलेली असते, आणि पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते. पक्षाघाताचा धोका त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वांत मोठा. बरोबर बोलणं अडखळलं, चेहरा किंवा हात लुळा पडला, तर 108 लावायचा. नुसता डोळ्यापुरता काळोख येऊन गेला तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. साठीच्या माणसाला जोडीला कानशिलं दुखत असतील, जेवण चावताना जबडा भरून येत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तेही सांगावं. धमन्यांना सूज येण्याचा एक आजार असा असतो, त्यात दुसरा डोळाही थोड्या दिवसांत जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू. मिरामारच्या वाळूत उताणं पडून निळ्या आभाळाकडे टक लावून बघा. असंख्य पांढरे ठिपके झटकन वळणं घेत पळताना दिसतील. त्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पडद्याच्या केशवाहिन्यांतून जाताना. निरोगी माणसाला दिसतात. त्यासाठी डॉक्टरची फी घालवू नये.

मधला प्रदेश अवघड. ओळखीची एक कॉलेजची मुलगी सांगायची, सगळीकडे सतत मुंग्या दिसतात, जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर यायच्या तशा. मिटल्या डोळ्यांतही, दोन्हीकडे, महिनोन्‌महिने. पडदा ठीक, ओसीटी ठीक, एमआरआय ठीक. तिला 'अभ्यासाचा ताण' हे निदान इतक्यांदा मिळालं की तिनं बोलणंच सोडलं. या तक्रारीचं पहिलं नीट वर्णन वैद्यकात 1995 साली झालं. तिला व्हिज्युअल स्नो म्हणतात. ती डोळ्यात नसून मेंदूनं दृश्य हाताळण्यात असते, बऱ्याचदा अर्धशिशीच्या सोबत येते, आणि आंधळं करत नाही. खात्रीचं औषध अजून नाही. मग न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन तिला मिळालं काय? एक नाव, आणि 'तुला वेड लागलेलं नाही' हे ऐकणं. माझ्या मते तेवढ्यासाठीही ती फेरी वाया गेली नाही. त्यानंतर तिनं फेऱ्या थांबवल्या, हेही बरं केलं.

लक्षण नसतानाही जायला हवं, अशी माणसं मात्र गोव्यात भरपूर आहेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4 असताना. मधुमेहानं पडद्याच्या केशवाहिन्या झिरपू लागतात तेव्हा सुरुवातीला काहीही दिसत नाही, काहीही दुखत नाही. साखर असलेल्यानं वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा. जाताना स्कूटर घरी ठेवायची, कारण त्या थेंबांनंतर काही तास सगळं अंधूक आणि डोळे दिपवणारं असतं. आणि एका कागदावर लिहून न्यायचं : कधी सुरू झालं, किती मिनिटं टिकलं, एका डोळ्यात की दोन्ही, कसं दिसलं. चित्र काढता आलं तर उत्तमच.

काकांनी कागद वहीचं पान फाडून केला होता. निवृत्त शिक्षक, त्यामुळे कमान कंपासनं काढलेली. माशेल, बाणस्तारी करत आम्ही बांबोळीच्या इस्पितळात गेलो, गाडी मी चालवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला, थेंब घातले, कपाळाला दिवा लावून, काकांना आडवं करून, वर बघा, खाली बघा, उजवीकडे असं बराच वेळ न्याहाळलं. वरच्या बाजूला कडेला नालाच्या आकाराची एक चीर होती. पाणी अजून शिरलं नव्हतं. त्याच दिवशी लेझर झालं. काका म्हणाले, दुखलं नाही फारसं, हिरवा उजेड मात्र पुष्कळ बघितला. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा ते दांडी न मारता गेले. कोळ्याचं जाळं राहिलंय, वाचताना मध्ये आलं की ते मान जराशी झटकतात आणि वाचत राहतात.

मेच्या शेवटी पाऊस शिंपडून गेला. रात्री वीज गेली, आम्ही सोप्यावर. पोफळींच्या बुंध्यापाशी एक ठिपका पेटला आणि विझला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ तसेच बसले, मग उघडले.

"बाहेरचा आहे," ते म्हणाले.