तुमचा स्टारफिश काचेवर काहून चढतो, आणि उलटा पडला तर काय करायचं

रात्री साडेदहाला फोन येतो, 'भाऊ, स्टारफिश उलटा पडून राहिला, मेला का?' खाऱ्या पाण्याचा टँक घेऊन गेलेल्या बऱ्याच जणांचे असे फोन येतात, म्हणून हा कागद छापून तुमच्या पिशवीत टाकतोय, एकदा निवांत वाचा.

उलटा दिसला की लगेच हात घालू नका, आधी बघा. थोडा वेळ तो तसाच पडून राहतो, मग एकदोन हातांची टोकं वळतात, अंधारात आपण स्विच चाचपतो ना तशी खालची जागा चाचपतात, टोकाजवळचे बारीक, पारदर्शक नळीपाय लांब होऊन दगडाला चिकटतात, आणि तिथे पकड बसली की तेच हात बाकीच्या अंगाला ओढून घेतात आणि तो सावकाश कोलांटी मारून सरळ होतो. आम्ही दुकानात हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दरवेळी हातातलं काम सोडून बघत उभे राहतो.

स्टारफिशला, म्हणजे आपल्या तारामाशाला, मेंदू नाही. तोंडाभोवती नसांचं एक कडं आहे आणि प्रत्येक हातात एक एक नस, बस. सुरुवातीला हात वेगवेगळ्या दिशेने ओढतात, मग एकदोन हातांचं चालतं आणि बाकीचे सोडून देतात. हर्बर्ट जेनिंग्ज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1907 मध्ये यावर मोठा अभ्यास छापला, ठराविक हातांनीच उलटायची सवय तारामाशाला लावता येते का तेही त्याने करून बघितलं होतं.

आता वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला कळतं कसं? आपल्या कानाच्या आत बारीक खडे असतात, डोकं कलंडलं की ते सरकतात आणि आपल्याला कळतं. जेलीफिशकडेही तशी सोय आहे. मोठ्या झालेल्या तारामाशात मात्र असा अवयव सापडलेला नाही. त्याच्याकडे आहेत शेकडो नळीपाय आणि स्वतःचं वजन. जमिनीवर हे वजन पायांना दाबतं, उभ्या काचेवर खाली खेचतं, छताला लटकला तर सरळ ओढतं, आणि प्रत्येक पाय आपल्यावर येणारा ताण जागेवरच ओळखून वागतो. अमेरिका आणि बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी तर तारामाशाच्या पाठीवर छोटी वजनं बांधून बघितली, तेव्हा प्रत्येक पाय जास्त वेळ चिकटून राहायला लागला. नागपूरच्या इतवारी बाजारात पाठीवर पोतं घेतलेला हमाल कसा एकेक पाय नीट रोवून चालतो, तसंच.

म्हणूनच काचेवरून त्याला ओढून काढू नका! ओढलं की तो सुटत नाही, पाय तुटून काचेला चिकटलेले राहतात. जागा बदलायचीच असेल तर दगडासकट उचला, पाण्यातल्या पाण्यात डब्यात घ्या, हवेत काढू नका. पाण्यात तो हलका असतो, बाहेर आला की सगळा भार एकदम अंगावर येतो.

काचेवर चढणं बऱ्याच जातींचा स्वभाव आहे, काळजी करू नका. वाळू चाळणारा घेतला असेल तर तो उलट वाळूतच गाडून घेतो, त्याचे पाय टोकदार असतात, चिकटायला फारसे कामाचे नाहीत, तो काचेवर दिसत नाही म्हणून हरवला समजू नका. पण चढणारा तारामासा पाण्याच्या अगदी वरच्या रेषेला बसून राहिला आणि मासेही वर येऊन तोंड उघडून राहिले, तर बहुतेक पाण्यात ऑक्सिजन कमी झालाय. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि दुपारी लाईट गेली की पंप बंद, पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा बॅटरीवाला एअर पंप घरात ठेवाच. आणि कूलरच्या दिवसांत पाणी भराभर उडतं, मीठ मात्र टँकमध्येच राहतं, म्हणून वरून फक्त आरओचं साधं पाणी टाका, खारं नाही. खारेपणा अचानक बदललेला तारामाशाला सोसत नाही.

उलटा पडलेला तारामासा साधारण काही मिनिटांत सरळ होतो. अर्धा पाऊण तास झाला, हात लुळे पडले, अंगावर पांढरे डाग दिसले तर वाट बघू नका, कितीही वाजले असोत फोन करा. उलटलेला पहिल्यांदा दिसला तेव्हा किती वाजले होते ते लिहून ठेवा, आणि पाण्याचं तापमान, खारेपणा मोजून मगच नंबर लावा, आम्ही पहिले तेच विचारणार.