पार्श्वभूमी : बातम्यांतलं ‘झुडपी जंगल’

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या सहा जिल्ह्यांच्या बातम्यांत ‘झुडपी जंगल’ हा शब्द बहुतेक वेळा ‘अडथळा’ या शब्दाचा हात धरूनच आला. रस्ता रखडला, कालवा अडला, घराचा पट्टा मिळेना, की दोष झुडपीचा.

मुळात शब्द महसुली दप्तरातला. हे जिल्हे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते आणि तिथे खुरट्या झाडोऱ्याची, गुरं चारायची जमीन अशी नोंदली जाई. राज्यं बदलली, नोंद तीच राहिली. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीच्या इतर वापराला केंद्राची पूर्वपरवानगी सक्तीची केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने, मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन आणि सरकारी नोंदीत वन म्हणून असलेली जमीनही वनच, असं ठरवलं.

सर्वोच्च न्यायालयाच्याच मे २०२५ च्या निकालाने सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन वन ठरली. त्याच निकालाने १९९६ च्या आदेशाआधी वाटप झालेल्या जमिनींना, एकदाच म्हणून, मंजुरीची वाट मोकळी केली. एकाच निकालातून ‘दणका’ आणि ‘दिलासा’ असे दोन्ही मथळे निघू शकतात. माझ्या मते खरी बातमी तिसऱ्या मुद्द्यात होती : कुठल्याही वनाला लागून नसलेले, तीन हेक्टरांहून लहान तुकडेसुद्धा संरक्षित वन घोषित करायचे. अतिक्रमण आधी गिळतं ते असेच तुकडे.

असा तुकडा मे महिन्यातल्या फोटोत पडीकच दिसतो. बोरीची ठोंबं, तरवड, मध्ये करपलेलं गवत. पावसाची पहिली झड झाली की तोच हिरवा होतो. उघड्या मुरमावर टिटवी अंडी घालते, गवतात ससे दडतात, गावची शेरडं तिथेच चरतात.

वाढलेल्या जंगलाच्या बातम्यांतही हाच घोळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात देशात १,४४५ चौरस किलोमीटरची वाढ होती, पण त्यात वनाच्छादन फक्त १५६. बाकी सगळं वृक्षाच्छादन, म्हणजे वनाबाहेरची सुटी झाडं आणि हेक्टरभराहून लहान झाडोरा. आणि त्या मोजणीत किमान दहा टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन) असलेली, हेक्टरभराहून मोठी फळबागसुद्धा वनाच्छादनात धरतात. त्याहून विरळ छत्राची झुडपं मात्र त्यात नसतात. कायद्याने वन ठरलेली कितीतरी झुडपी जमीन या आकड्याबाहेरच राहते.