ग्वाग्वा

ग्वाग्वा हा बोलीभाषेतील स्पॅनिश शब्द. क्यूबा, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि अटलांटिकमधील कॅनरी बेटांवर ग्वाग्वा म्हणजे बस. चिली, बोलिव्हिया, एक्वादोर आणि पेरूच्या डोंगराळ भागात ग्वाग्वा म्हणजे तान्हे मूल. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ नव्हेत. मुळात वेगळे असलेले दोन शब्द उच्चारात आणि लेखनात एक झाले आहेत.

बसवाचक शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जण तो गाडीच्या आवाजावरून आल्याचे मानतात, काही जण गाडीवाचक इंग्रजी ‘वॅगन’कडे बोट दाखवतात. क्यूबा आणि कॅनरी बेटे यांच्यात स्थलांतरितांची जुनी ये-जा असल्याने तो दोन्हीकडे रुजला. कॅनरी बेटांवरील लास पाल्मास शहराच्या बससेवेचे अधिकृत नावच ‘ग्वाग्वास म्युनिसिपालेस’ आहे. प्वेर्तो रिकोत मोठ्या खासगी गाडीलाही ग्वाग्वाच म्हणतात.

मूलवाचक शब्द दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतील ‘वावा’वरून आला. केचुआत आई आपल्या अपत्याला वावा म्हणते. बाप मात्र मुलाला ‘चुरी’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये येताना हा बारकावा गळला, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट. चिलीत हा शब्द सर्व थरांतले लोक वापरतात आणि मूल मुलगा असला तरी तो स्त्रीलिंगीच राहतो, जसे मराठीत ‘बाळ’ नपुंसकलिंगी राहते. एक्वादोरमध्ये मात्र मुलग्यासाठी पुल्लिंगी रूपही चालते.

2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी अँडीज प्रदेशात दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचा पाव भाजतात. बोलिव्हियात त्याला ‘तांता वावा’ म्हणतात. तांता म्हणजे पाव. पिठाच्या अंगावर रंगवलेला छोटा मुखवटा चेहरा म्हणून बसवतात आणि घरी येणाऱ्या आत्म्यांसाठी मांडलेल्या मेजावर तो पाव ठेवतात. एक्वादोरमध्ये त्यावर रंगीत साखरेची नक्षी काढतात आणि सोबत ‘कोलादा मोरादा’ पितात. काळ्या-जांभळ्या मक्याच्या पिठात बेरी, अननस आणि दालचिनी घालून शिजवलेले हे दाट, गरम पेय त्या दिवसांत घरोघरी होते.

एक्वादोरची राजधानी कीतोजवळच्या ज्वालामुखीच्या दोन शिखरांची नावे रुकू (म्हातारा) पिचिंचा आणि ग्वाग्वा पिचिंचा अशी आहेत. त्यांपैकी उंच आणि जागृत शिखर ‘बाळ’च आहे, 1999 मध्ये त्याच्या उद्रेकाची राख कीतोवर पडली होती.

याखेरीज कोलंबियात पाका या मोठ्या कृंतक (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या) प्राण्याला ग्वाग्वा म्हणतात, तर क्यूबात ‘दे ग्वाग्वा’ म्हणजे फुकट.