आल्सा म्यूट वेगळा, पल्स म्यूट वेगळा. आधी कुठला ते बघा, मग कमांडा मारा

(कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्यात.)

लिनक्सवर आवाज गेला की कोणीतरी हमखास सांगतं, "पल्सऑडिओ उडव रे, आल्सा वापर." दर वेळी हेच. (दोन्ही लिनक्समध्ये आवाज वाजवणारे भाग.) अरे, आपल्याकडे इंदुरात किचनच्या नळाला पाणी नाही आलं तर नळ उपटून टाकून जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या लाइनलाच बादली लावतो का आपण? नळ आणि लाइन हे एकमेकांचे पर्याय नाहीत ना. एकातूनच दुसऱ्यात पाणी येतं. आल्सा आणि पल्सचं सेम तसंच आहे.

वरचा नळ तुम्हाला माहीतच आहे, खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह, त्यावर माउसचं चाक फिरवलं की आवाज कमी-जास्त. हा साउंड सर्व्हर. ब्राउझर, प्लेयर, व्हिडिओ कॉल सगळ्यांचा आवाज गोळा करून एकत्र पुढे सोडणं, चालू गाणं स्पीकरवरून ब्लूटूथवर हलवणं, ही त्याची कामं. आधी हे काम पल्सऑडिओ करायचा, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर करतो (लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोरा ३४ पासून, उबुंटू २२.१० पासून, मिंट २२ पासून). या दोघांतला फरक तुमच्या आजच्या अडचणीसाठी शून्य आहे, पाइपवायर पल्सची भाषा बोलतो म्हणून पीएव्हीयू-कंट्रोल (सर्व्हरचा आवाज सेट करायचा प्रोग्राम) दोन्हींवर तसाच चालतो. त्यावर भांडणाऱ्यांना भांडू द्या.

आल्सा त्याच्या खाली, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात. साउंड कार्डाचे ड्रायव्हर म्हणजे आल्सा. १९९८ च्या आसपास यारोस्लाव्ह किसेलाने सुरू केलेला हा प्रकल्प २००३ च्या शेवटी २.६ कर्नलबरोबर सगळीकडे पोचला, आणि पल्स काय, पाइपवायर काय, शेवटी आवाज त्याच्याच हातात देतात. "पल्स काढ"वाला सल्ला २००७-०८ चा आहे, फेडोरा ८ आणि उबुंटू ८.०४ मध्ये पल्स नवा नवा आला तेव्हा खरंच खूप त्रास द्यायचा, तेव्हाची चिडचिड लोकांनी लोणच्यासारखी अजून मुरवत ठेवलीये. आज तो सल्ला पाळलात तर पॅकेज मॅनेजर सोबत डेस्कटॉपचं अर्धं सामानही काढायला निघतो, आणि लोक यादी न वाचता एंटर मारतात.

आता मुद्द्याचं. म्यूट दोन आहेत, वर एक आणि खाली एक. दोघंही एकमेकांना नेहमी विचारतातच असं नाही. कोपऱ्यातलं चिन्ह शंभर टक्के दाखवत असेल आणि खाली कार्डाचा मेन कॉक बंद असेल, असं होतं. सर्व्हर बहुतेक वेळा खालचे कॉक स्वतःच उघडतो, पण एकेका मदरबोर्डवर इतके कॉक असतात की सगळेच काही त्याच्या यादीत नसतात.

आणि इथेच सगळे फसतात. "आल्सामिक्सर बघितला भिया, सगळं फुल आहे." बघितलंत, पण काय बघितलंत? टर्मिनलमध्ये नुसतं आल्सामिक्सर (आल्साचे आवाजाचे खांब दाखवणारा प्रोग्राम) लिहिलं की बहुतेक सिस्टिमवर जी खिडकी उघडते ती खऱ्या कार्डाची नसतेच. वर डाव्या कोपऱ्यात कार्डाच्या नावापुढे वाचा, तिथे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर लिहिलेलं असतं, आणि खाली मास्टर नावाचा एकुलता एक खांब. म्हणजे तुम्ही खाली उतरलाच नाहीत, वरच्या नळालाच दुसऱ्या बाजूने बघताय. एफ-६ दाबा. यादी येते, त्यात एचडीए इंटेल पीसीएच किंवा एचडी-ऑडिओ जेनेरिक असं काहीतरी असेल ते निवडा, की मग दहाबारा खांब समोर येतात. ही खरी लाइन.

मागच्या महिन्यात रामबागेत मामांकडे हेच झालं. मामांचा असेंबल्ड डेस्कटॉप, मिंट मी टाकून दिलेलं, आवाज गायब. मी जायच्या आधी कोणा हुशार मुलाने पल्स दोनदा काढून दोनदा टाकलेला. मी आधी पीएव्हीयू-कंट्रोल उघडून प्लेबॅकच्या टॅबवर गेलो, तर ब्राउझरच्या नावाखालची पट्टी छान उड्या मारत होती. ही पट्टी सगळ्यात आधी बघायची, बाकी सगळं नंतर. पट्टी मेलेली असेल तर ॲप आवाज पाठवतच नाहीये, ब्राउझरचा टॅब म्यूट आहे का ते बघा आणि आल्साला उगाच त्रास देऊ नका. पट्टी हलतेय म्हणजे सर्व्हरपर्यंत पाणी आलंय, पुढे कुठे जातंय ते शोधायचं.

आता पुढे दोन शक्यता. सर्व्हर भलत्याच दाराने आवाज सोडतोय, किंवा दार बरोबर आहे पण खाली कॉक बंद. ओळखायची युक्ती म्हणजे सर्व्हरला बाजूला ठेवून थेट कार्डाला वाजवायला सांगायचं. आधी एप्ले मायनस एल (स्मॉल एल) मारून कार्डाचा नंबर बघा, बऱ्याच मशिनवर ० नंबरवर ग्राफिक कार्डाचा एचडीएमआय (मॉनिटरकडे जाणारा आवाज) बसलेला असतो आणि तुमचं ॲनालॉग (साधा स्पीकर-हेडफोनचा जॅक) १ वर. मग ब्राउझर बंद करून पाचदहा सेकंद थांबा, म्हणजे सर्व्हर कार्ड मोकळं सोडतो, नाहीतर डिव्हाइस बिझी म्हणून ओरडा मिळेल. आणि मग: स्पीकर-टेस्ट मायनस कॅपिटल डी, प्लग-एचडब्ल्यू कोलन १ कॉमा ०, मायनस सी २ (१ च्या जागी तुमच्या कार्डाचा नंबर). पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी खरखर आधी डावीकडून, मग उजवीकडून आली पाहिजे.

खरखर आली तर आल्सा निर्दोष, भानगड वर. बहुतेक वेळा सर्व्हरने एचडीएमआय धरलेला असतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात, पीएव्हीयू-कंट्रोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन ॲनालॉग स्टिरिओ निवडा, संपलं. खरखर नाही आली तर पल्स शंभर वेळा रीइन्स्टॉल करून काहीही होणार नाहीये, भानगड खाली.

मामांकडे नाही आली. एफ-६ दाबून खऱ्या कार्डावर गेलो, मास्टर फुल, आणि फ्रंटच्या खांबाखाली दोन एम, म्हणजे म्यूट. बाणाने तिथे जाऊन एम दाबला, दोन एमच्या जागी हिरवे दोन ओ आले, आणि परत लावलेलं कीर्तन एकदम घरभर. मामी आतून ओरडल्या, "अहो, हळू करा की!"

याच खांबांमध्ये उजवीकडे सरकत गेलात तर ऑटो-म्यूट मोड नावाचा एक आगाऊ खांब सापडेल. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन खुपसला की मागचे स्पीकर गप्प करणं हे त्याचं काम. पुढचा जॅक सैल झालेला असेल किंवा कॅबिनेटची वायर नीट बसली नसेल तर त्याला हेडफोन नसतानाही हेडफोन दिसतो. डेस्कटॉपवर मी तो सरळ डिसेबल्ड करून टाकतो, मला हवा तेव्हा हेडफोन मी स्वतः निवडीन.

एप्ले मायनस एल मारल्यावर एकही कार्ड दिसत नसेल तर ही सगळी चर्चा सोडा, बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद आहे का ते बघा.

आणि एक हात जोडून सांगणं: साउंड सर्व्हर सुडो (म्हणजे रूटचे, ॲडमिनचे हक्क) लावून चालू करू नका. तो प्रत्येक युजरचा वेगळा चालतो, सुडोने चालवला की तुमच्याच होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडायची पाळी येते आणि मग तुमचा सर्व्हर खरंच उठत नाही. रीस्टार्टच करायचाय तर सिस्टिमकंट्रोल (टाइप करताना कंट्रोलच्या जागी नुसतं सी-टी-एल) मायनस मायनस युजर रीस्टार्ट, पुढे पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर. हो, त्याचं नाव खरंच प्लंबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांचा फोन, "काय रे, परत गेला." फ्रंट परत म्यूट. कारण खालच्या खांबांची स्थिती सिस्टिम नीट शटडाउन होताना जपून ठेवते, आणि मामा काय करतात, तर काम झालं की बोर्डाचं बटण बंद. मग फोनवरच एम दाबायला लावला आणि सुडो आल्साकंट्रोल (इथेही सी-टी-एल) स्टोअर लिहून घ्यायला लावलं, म्हणजे स्थिती तिथल्या तिथे जपली जाते. आता बोर्डाचं बटण बंद केलं तरी आवाज राहील, हे मात्र मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.