खाडा 26 ने कापायचा की 30 ने? मोलकरणींच्या जादा कामाच्या हिशोबामागची गोष्ट

1948 च्या कारखाना कायद्यात दिवसाला 9 तास किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं की दुप्पट मजुरी, हे स्पष्ट होतं. पण घर म्हणजे कारखाना नाही, त्यामुळे भांडी-धुणं-केरफरशीला ते कधी लागूच झालं नाही. शिवाय आपल्याकडे दर तासाचा नसतो, कामाचा असतो. गौरी-गणपतीला चार पाहुणे आले की भांड्यांचा ढीग दुप्पट होतो, पण "काम तेच ना मावशी, भांडीच तर आहेत" म्हणून पैसे तेवढेच.

पुण्यात 1980 ला मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टीचीही मागणी होती. तोपर्यंत न येणं म्हणजे खाडा, एवढंच गणित. आजारपण, बाळंतपण, गावाकडचं लग्न, सगळं एकाच शब्दात.

योगायोग म्हणजे त्याच 1980 मध्ये सुप्रीम कोर्टात एका लोकरीच्या गिरणीचा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, खटला निकाली निघाला. महिन्याच्या पगारावरून एका दिवसाची मजुरी काढताना 26 ने भागायचं, कारण चार दिवस सुट्टीचे आणि त्या सुट्टीचा पैसा पगारातच धरलेला, असं त्यात मान्य झालं. 1987 च्या दुरुस्तीने ते ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच आलं. आता हा 26 चा आकडा घरकामात कसा शिरला बघा. पगार 2600 धरा. 26 ने भागलं तर दिवस 100 चा, 30 ने भागलं तर 87 चा. आमच्या सोसायटीत खाडा कापताना 100 कापणारे आणि रविवारी बोलावलं तर 87 देणारे लोक मी स्वतः पाहिलेत, आणि दोन्ही वेळेला "हिशोबाने दिले" म्हणतात. आठवड्याची सुट्टी देत असाल तर 26, आणि मग दोन्हीकडे 26च. तीसही दिवस बोलावत असाल तर 30 धरा, पण मग सुट्टी देतोय असं सांगू नका. सुट्टीच्या दिवशी आली तर पगाराशिवाय वरचे 100, दुपटीने धरलं तर 200. रोजचं काम दीड तासाचं असेल तर तासाचे साधारण 67 होतात, म्हणजे पाहुण्यांच्या दिवशीच्या एका जादा तासाचे दुपटीने 133 च्या आसपास. आकडा मोठा वाटतो तो आतापर्यंत शून्य देत होतो म्हणून.

2008 ला राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आला, 18 ते 60 वयाची नोंदणी आली, पण जादा तासाचा दर त्यात नाही. जून 2011 मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत घरकामगारांसाठी आठवड्याला सलग 24 तास विश्रांतीचा करार झाला, भारताने बाजूने मत दिलं, मंजुरी मात्र दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमून कायद्याचा विचार करा म्हणून सांगितलं.

मधे 2020 चा लॉकडाऊन येऊन गेला. गेट सोसायटीने बंद केलं, बाई यायला तयार होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाड्याला लाल पेनने फुली मारायची पद्धत होती. एप्रिलचं पान कोरं सोडलं, पगार पूर्ण दिला. शेजारच्या दारामागे मात्र तीसही चौकोनांत फुली होती.