हृदयविफलतेतील रक्तगुठळीचा धोका

हृदयाचा रक्त ढकलण्याचा जोर कमी झालेल्या रुग्णांच्या हृदयात किंवा शिरांत रक्त साकळून गुठळी होण्याची वाढलेली शक्यता. हृदयविफलतेत हृदय बंद पडत नाही, त्याचा जोर कमी पडतो. रूडोल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी तिन्ही कारणे, म्हणजे संथ प्रवाह, वाहिनीच्या अस्तराची इजा आणि रक्ताची साकळण्याकडे वाढलेली ओढ, येथे एकत्र येतात.

निरोगी डावे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) दर ठोक्याला आतील रक्तापैकी निम्म्याहून अधिक बाहेर टाकते. हे प्रमाण बरेच घसरले की निलयाच्या टोकाशी रक्त रेंगाळते. ठोके अनियमित होऊन अलिंदे (हृदयाचे वरचे कप्पे) नुसती थरथरू लागली (एट्रियल फिब्रिलेशन), तर डाव्या अलिंदाच्या कानासारख्या पिशवीत गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत अडकल्यास लकवा मारतो. पायाच्या शिरेतील गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. हृदयविफलतेत सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर ‘पाणी भरलं’ म्हणून थांबणे धोक्याचे.

रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र सरसकट दिली जात नाही. ठोके नियमित असलेल्या हृदयविफलतेच्या रुग्णांत वॉरफरिन (अशीच एक गोळी) आणि ॲस्पिरिन यांची तुलना करणाऱ्या २०१२ च्या वॉरसेफ चाचणीत वॉरफरिनने गुठळीमुळे येणारा लकवा कमी केला, पण मोठे रक्तस्राव वाढवले. एकंदर फायदा सारखाच राहिला. एट्रियल फिब्रिलेशन असल्यास किंवा गुठळी दिसल्यास निर्णय बदलतो.

ग्रामीण विदर्भात खरी अडचण गोळीपेक्षा तपासणीची आहे. सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या औषधांऐवजी वॉरफरिनच द्यावे लागते, आणि त्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) वारंवार करून आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याला जाऊन येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे, त्यामुळे तपासणी लांबते. अंबाडी, मेथी, पालक यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीचा असर घटवते. भाजी सोडायची नसते, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज पालेभाजी, असे केल्यास आकडा हलतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे आढळणारा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक) आजार स्वतःच गुठळीकडे झुकवणारा असल्याने तेथे त्याचीही चौकशी आवश्यक ठरते. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी या रुग्णांत दुहेरी घात करते: शरीरात पाणी साठवते आणि वॉरफरिनसोबत रक्तस्राव घडवते. वॉरफरिन चालू असता कमरेत घेतलेल्या ‘सुई’नेही स्नायूत रक्त साचू शकते.